सोशल मीडिया आणि अध्यापन : आपला विषय वाटतो तितका नवा नाही



गेल्या महिन्यात तुमच्यापैकी तिघांनी मला आपापल्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. तिन्ही शीर्षकं जवळपास सारखी. अमुक जिल्ह्यातील पदवी विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीवर व्हॉट्सॲपच्या वापराचा होणारा परिणाम : एक अभ्यास. एकात व्हॉट्सॲपच्या जागी टेलिग्राम, एकात यूट्यूब. आणि तिघांच्याही प्रस्तावनेत, हे माध्यम नवीन असल्यामुळे या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही, अशा अर्थाचं एक वाक्य.

हसत नाहीये मी. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही हेच वाक्य होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी शिक्षणशास्त्राकडे वळले, तेव्हा मला वाटायचं की प्रयोग म्हणजे प्रयोग. एका गटाला व्हॉट्सॲप द्यायचं, दुसऱ्याला नाही, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य काढलं की झालं. माझ्या गाईडनी मसुदा परत देताना एवढंच विचारलं, "फेसबुकच्या आधी काय होतं ते वाचलंयस का?" नव्हतं वाचलं. मग सहा-सात महिने तेच वाचत बसले. त्यातलं जे मला उपयोगी पडलं ते इथे लिहिते आहे. लिटरेचर रिव्ह्यू करताना तुम्ही २०१० च्या मागे जात नसाल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

गोष्ट सुरू होते १९६० मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. डोनाल्ड बिट्झर नावाच्या इंजिनिअरने संगणकावरून शिकवण्याची एक यंत्रणा उभारायला घेतली. तिचं नाव प्लेटो. कल्पना अशी की, विद्यार्थी पडद्यासमोर बसेल, यंत्र त्याला धडा दाखवेल, प्रश्न विचारेल, उत्तर चुकलं तर समजावून सांगेल. प्रत्येकाला त्याच्या गतीने शिकता येईल. आज एखादं लर्निंग ॲप जे काही आश्वासन देतं, ते जवळजवळ शब्दशः तेव्हाच दिलं गेलं होतं. १९७२ च्या सुमाराला प्लेटोची चौथी आवृत्ती आली. तिच्यात नारिंगी रंगात उजळणारा प्लाझ्मा पडदा होता आणि त्याला बोट लावून उत्तर देता येत होतं. टचस्क्रीन, १९७२! शिवाय एकाच मोठ्या संगणकाला शेकडो टर्मिनल जोडलेली.

आता खरी गंमत बघा. या सगळ्या आराखड्यात विद्यार्थ्यांनी एकमेकांशी बोलण्याची सोय कुठेही नव्हती. तिची गरजच कुणाला वाटली नव्हती, कारण शिकणं म्हणजे यंत्र आणि विद्यार्थी यांच्यातला व्यवहार असं गृहीत धरलेलं होतं. पण यंत्रणेत बिघाड व्हायचे, आणि ते कळवायला एक सामाईक फाईल ठेवली होती. त्या फाईलमध्ये कुणीही काहीही लिहू शकायचं आणि दुसऱ्याचं लिहिलेलं पुसूही शकायचं. साहजिकच गोंधळ. १९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला त्यावर उपाय करायला सांगितलं गेलं. त्याने जो प्रोग्रॅम लिहिला त्यात प्रत्येक तक्रारीखाली उत्तरं ओळीने जोडली जायची, लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप पडायची. नाव ठेवलं नोट्स. पोस्ट आणि त्याखाली कमेंट्स, हा जो साचा आज आपण रोज वापरतो, तो तिथे बिघाडाची नोंद ठेवण्यासाठी जन्माला आला. त्याच वर्षी वूली आणि डग ब्राउन यांनी टॉकोमॅटिक केलं. त्यात पाच जण एका वेळी गप्पा मारू शकत आणि समोरचा टाईप करेल ते अक्षर न् अक्षर लगेच दिसे.

पुढे काय झालं असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. बिघाडाच्या नोंदींसाठी केलेल्या जागेत लोक प्रश्न विचारू लागले, उत्तरं देऊ लागले, वाद घालू लागले. १९७६ पर्यंत तर आपापल्या विषयाच्या, खाजगी किंवा खुल्या, वेगळ्या नोट्स-फाईल्स काढण्याची सोयही करावी लागली. म्हणजे ग्रुपच की. फेसबुकचा निर्माता तेव्हा जन्मलाही नव्हता.

आणि प्लेटोने शिकणं सुधारलं का? हा प्रश्नही तेव्हाच विचारला गेला, भरपूर पैसे खर्चून. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने कम्युनिटी कॉलेजांमधल्या प्लेटोचं मूल्यमापन केलं. १९७८ मध्ये अहवाल आला. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना प्लेटो आवडलं होतं, पण संपादणुकीवर ठाम असा परिणाम दिसला नाही, ना चांगला ना वाईट. त्याच काळात टिकिट नावाच्या दुसऱ्या यंत्रणेचंही मूल्यमापन झालं. तिथे अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे गुण वाढलेले दिसले, पण पूर्ण करणाऱ्यांची संख्याच घटली होती. सायन्सवाल्यांना हे लगेच कळेल, की जे टिकले त्यांचीच सरासरी काढली तर ती चढणारच. तुमच्या गळतीच्या आकड्यांकडे गाईडचं लक्ष जायच्या आधी तुमचं जाऊ द्या.

मी हा १९७८ चा निष्कर्ष वाचला तेव्हा थोडी हिरमुसले होते, खरं सांगते. कारण माझ्या पायलट स्टडीचा निकाल हाच होता. विद्यार्थ्यांना व्हॉट्सॲप आवडतं, गुणांत सार्थ फरक नाही. बेचाळीस वर्षांनी मी तेच वाक्य मराठीत लिहिलं होतं.

यानंतरच्या काळातली दोन नावं मात्र लक्षात ठेवा, कारण व्हायव्हाला हमखास कामाला येतात. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी माध्यमांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि म्हटलं की माध्यम हे माल वाहून नेणाऱ्या ट्रकसारखं आहे, किराणा ट्रकने आला म्हणून आपलं पोषण वाढत नाही. फरक पडतो तो अध्यापनाच्या पद्धतीने. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ मध्ये त्याला उत्तर दिलं की माध्यम आणि पद्धत इतकं सहज वेगळं काढता येत नाही. तो वाद अजून मिटलेला नाही. आणि १९९९ मध्ये थॉमस रसेल यांनी ३५५ अभ्यास एकत्र करून एक पुस्तकच काढलं, ज्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'सार्थ फरक नाही' ही घटना. रेडिओ, दूरचित्रवाणी, व्हिडिओ, संगणक, सगळ्यांचं तेच. अर्थात फरक न सापडणं म्हणजे फरक नाहीच असं नव्हे, हे आपल्याला संख्याशास्त्राच्या पेपरला शिकवतात आणि आपण विसरतो.

आता २००४. फेब्रुवारीत हार्वर्डमध्ये फेसबुक सुरू झालं, आणि सुरुवातीला ते फक्त कॉलेजचा ईमेल असणाऱ्यांसाठी होतं. सर्वांना खुलं झालं ते २००६ च्या सप्टेंबरात. म्हणजे हे माध्यम बाहेरून कॉलेजात घुसलं, असं आपण सेमिनारमध्ये जे म्हणतो ते उलटं आहे. ते कॉलेजातूनच बाहेर गेलं.

या काळातलं एक प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्याकडच्या प्रबंधांत ते मला क्वचितच दिसलं. कॅनडात टोरोंटोला रायर्सन नावाचं विद्यापीठ होतं. (आता त्याचं नाव बदललं आहे.) तिथे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राच्या पेपरमध्ये ऑनलाईन गृहपाठ असायचा, दहा टक्के गुणांचा. प्रत्येकाला वेगवेगळे प्रश्न, आणि ते स्वतंत्रपणे सोडवायचे अशी प्राध्यापकांची सूचना. विद्यार्थ्यांनी फेसबुकवर एक ग्रुप काढला. कॅम्पसमध्ये मुलं जिथे जमून अभ्यास करायची त्या खोलीला ते तळघरातल्या कोठडीचं नाव देऊन हाक मारायचे, तेच नाव ग्रुपलाही दिलं. सदस्य १४६. हा प्रश्न कसा सोडवायचा, ते सूत्र इथे का लागत नाही, अशी देवाणघेवाण.

प्राध्यापकांना सत्र संपल्यावर ग्रुपचा पत्ता लागला. ग्रुप चालवणाऱ्यांपैकी एका विद्यार्थ्याची बी श्रेणी त्यांनी एफ केली आणि त्याच्या हकालपट्टीची शिफारस केली. आरोप किती? १४७. एक ग्रुप चालवल्याचा, आणि प्रत्येक सदस्यामागे एक असे आणखी १४६. पोरगं अठरा वर्षांचं. त्याचं म्हणणं साधं होतं. आम्ही लायब्ररीत किंवा त्या खोलीत टेबलाभोवती बसून हेच करतो, ते चालतं, मग इथे का नाही? विद्यापीठाचं म्हणणं, स्वतंत्रपणे करा असं सांगितलेलं असताना तुम्ही एकमेकांना मदत मागितलीत. मार्च २००८ मध्ये समितीने निर्णय दिला. हकालपट्टी नाही, पण त्या दहा टक्क्यांच्या गृहपाठाला शून्य.

हे वाचून माझं मत एकदम कुणा एका बाजूला गेलं नाही. प्राध्यापकांची सूचना स्पष्ट होती. वेगवेगळे प्रश्न देऊनही उत्तरं सामुदायिक येत असतील तर गुण कशाचे द्यायचे, ही अडचण खरी आहे, आणि प्रॅक्टिकलची जर्नलं तपासताना आपल्याला ती रोज येते. पण त्या खोलीबद्दल कुणी कधी आरोपपत्र काढलं नव्हतं हेही खरं. खोलीतलं बोलणं हवेत विरतं, ग्रुपवरचं बोलणं उरतं. मुलं पूर्वीही जे करत होती तेच करत होती, फक्त आता ते लेखी होतं आणि शिक्षकाला वाचता येत होतं. मला वाटतं, उच्च शिक्षणात सोशल मीडियाने जो एक खरोखर नवा बदल आणला तो हाच. विद्यार्थ्यांचं आपसातलं बोलणं दिसायला लागलं.

आणि दिसायला लागल्यावर ते होतं तरी कसं? नील सेल्विन यांनी २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका विद्यापीठातल्या ९०९ पदवी विद्यार्थ्यांच्या फेसबुक भिंती वाचून काढल्या. अभ्यासाशी संबंध असलेलं लिखाण साधारण ४ टक्के! बाकी सगळा संसार. पण ते ४ टक्के वाचण्यासारखे आहेत. त्यात लेक्चर कुठल्या खोलीत आहे ही विचारणा आहे, निबंधात नक्की काय मागितलंय याचा शोध आहे, 'मला काहीच येत नाही' अशी रड आहे, शिक्षकांची टिंगल आहे. सेल्विन यांनी याकडे ज्ञाननिर्मिती म्हणूनही पाहिलं नाही आणि वेळेचा अपव्यय म्हणूनही नाही. विद्यार्थी असणं म्हणजे काय, हे मुलं तिथे एकमेकांच्या सोबतीने निभावत होती, असं काहीसं त्यांचं म्हणणं आहे. मूळ लेख मिळवून वाचा, सारांशावर जाऊ नका.

त्याच वर्षी उलट टोकाची एक घटना घडली. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका संशोधिकेने २१९ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास परिषदेत पोस्टर म्हणून मांडला. फेसबुक वापरणाऱ्यांचे ग्रेड कमी होते. वर्तमानपत्रांनी तो उचलला, आणि सहसंबंधाचं रूपांतर रातोरात कारणात झालं. महिन्याभरात दुसऱ्या तिघा संशोधकांनी वेगळे तीन डेटासेट तपासून दाखवलं की असा ठाम संबंध सापडत नाही. पोस्टर अजूनही लोक संदर्भ म्हणून देतात. खंडन क्वचित.

आता मला आवडणारी जोडी. रेनॉल्ड जंको आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या १२५ विद्यार्थ्यांवर ट्विटरचा प्रयोग केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्विटर वापरणाऱ्या गटाचा सहभाग वाढला, ग्रेडही चढले. आपल्याकडे हा अभ्यास सर्रास इथपर्यंतच उद्धृत होतो. पण त्यांचाच २०१३ चा दुसरा लेख आहे. त्यात त्यांनी असा एक वर्गही पाहिला जिथे ट्विटर ऐच्छिक होतं आणि शिक्षक स्वतः त्यावर फिरकत नव्हते. तिथे तो परिणाम दिसला नाही. माध्यम तेच, ॲप तेच. फरक कुठे होता, तर शिक्षक त्या खोलीत होता की नव्हता यात. क्लार्क यांचा ट्रक इथे पुन्हा आठवतो की नाही?

(२००८ चा मॅनिटोबा विद्यापीठाचा प्रयोगही याच ओळीतला. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी फी भरणाऱ्या पंचवीसेक विद्यार्थ्यांचा कोर्स जगाला फुकट खुला केला, बावीसशेच्या वर लोक आले आणि ब्लॉग, चर्चा, जमेल तिथे बोलत राहिले. मूक हा शब्द त्यावरून आला. पुढे त्याच नावाखाली रेकॉर्ड केलेल्या लेक्चरांचे कोर्स निघाले आणि बोलणं कोपऱ्यात गेलं. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.)

आपल्याकडचा रस्ता थोडा निराळा आहे. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर कंट्रीवाईड क्लासरूम सुरू केलं. कार्यक्रम बनवण्यासाठी काही विद्यापीठांत केंद्रं उभी राहिली, पुणे विद्यापीठातही. मग २००४ मध्ये एज्युसॅट उपग्रह, पुढे एनपीटेलची व्याख्यानं, २०१७ मध्ये स्वयम. या प्रत्येकातून मी काही ना काही शिकले आहे, त्यामुळे नावं ठेवत नाही. पण दिशा बघा. एक बोलतो, लाखो ऐकतात. ऐकणाऱ्यांनी आपसात बोलायची जागा एक तर नाही, किंवा असली तरी ओसाड. बोलण्याची जागा आपल्या मुलांना मिळाली ती २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर, व्हॉट्सॲपवर, आणि ती कुठल्या आयोगाने दिली नव्हती. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने उच्च शिक्षण संस्थांना पत्र पाठवून सोशल मीडिया चॅम्पियन नेमायला सांगितलं. संस्थेची खाती उघडा, विद्यार्थ्यांची खाती त्यांना जोडा, आठवड्याला निदान एक यशोगाथा टाका. त्यावर टीका झाली. मला त्यातली यशोगाथा हा शब्द महत्त्वाचा वाटतो. संस्थेच्या दृष्टीने सोशल मीडिया म्हणजे दर्शनी भिंत.

आता माझी चूक सांगते.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी एका कॉलेजात सीएचबीवर होते. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला भौतिक रसायन. व्हॉट्सॲपवर वर्गाचा ग्रुप केला. तेव्हा ग्रुपमध्ये २५६ जण बसायचे. (दोनाचा आठवा घात, हा आकडा कुठून आला असेल याचा विचार आमच्यासारख्यांना चैन पडू देत नाही.) पहिल्या आठवड्यात गुड मॉर्निंग, फॉरवर्ड, अफवा यांचा पूर आला. वैतागून मी फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील हे सेटिंग चालू केलं. शांतता! पीडीएफ टाकायची, लेक्चरची लिंक टाकायची, निळ्या टिका बघायच्या. सगळं शिस्तीत चाललंय असं वाटलं. माझ्या पायलटचा डेटा याच ग्रुपचा. त्यावरच मी संपादणुकीवर सार्थ परिणाम नाही असं लिहून मोकळी झाले होते.

वर्षभराने एका विद्यार्थिनीची गाठ पडली. एंट्रोपी मला तेव्हा कळली, ती दुसऱ्या ग्रुपवर, असं ती सहज बोलून गेली. कुठला दुसरा ग्रुप? मी माझा ग्रुप बंद केला त्याच संध्याकाळी मुलांनी दुसरा काढला होता, मॅडमशिवाय. तिथे एक मुलगा आपल्या गावरान भाषेत व्हॉइस मेसेजने गणितं समजावायचा. नेट नसणाऱ्या दोघांसाठी लेक्चरच्या पडद्याचे फोटो काढून ठेवायचे आणि रेंज आली की ते उतरवून घ्यायचे. हिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. भाऊ कामावरून आला की रात्री तासभर फोन मिळायचा, तेवढ्यात ती सगळं ऐकून घ्यायची. माझ्या लेक्चरच्या हजेरीत ती कायम गैरहजर होती. माझ्या डेटात तिची नोंद 'सहभाग नाही' अशी आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या २३.८ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती, ग्रामीण भागात तर १४.९ टक्के. हे आकडे माझ्या प्रस्तावनेत दुसऱ्याच पानावर होते. आकडे लिहिले होते, मुलगी दिसली नव्हती.

मी गाईडना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणजे तू नोटीस बोर्डाचा अभ्यास केलास. वर्ग शेजारच्या खोलीत भरला होता." मग शीर्षक बदललं, आरआरसीसमोर पुन्हा उभी राहिले. आता प्रश्न असा आहे की पदवीचे विज्ञान विद्यार्थी आपले आपण चालवलेल्या ग्रुपवर एकमेकांना अवघड संकल्पना कशा समजावतात, आणि शिक्षक त्या ग्रुपमध्ये असला-नसला तर त्यात काय बदलतं. परिणाम हा शब्द शीर्षकातून गेला.

पण तुम्ही अशा वाटेने येणार असाल तर पुढची अडचण आधीच सांगून ठेवते. ते मेसेज तुमचे नाहीत. ग्रुपमधल्या एकाने एक्सपोर्ट करून तुम्हाला दिले तरी बाकीच्यांची संमती त्यात येत नाही, आणि रायर्सनचं प्रकरण वाचल्यावर तर नुसते स्क्रीनशॉट घेतानाही माझा हात थांबला. यात कॉपी म्हणता येईल असंही काही असणार, ऑनलाईन परीक्षेच्या दिवसातलं. ते माझ्या प्रबंधात छापून आलं तर कुणाचं काय होईल? म्हणून मी आधी मुलाखती घेतल्या, मग ज्यांनी आपले स्वतःचे मेसेज स्वतः निवडून दिले तेवढेच वापरले, नावं आणि गावं काढून. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता. वेगळा कागद जोडावा लागला. त्याचा नमुना कुणाला हवा असेल तर पाठवते.

त्या मुलीने मुलाखत दिली, दोन तास. एंट्रोपीचा तो व्हॉइस मेसेजही बोलणाऱ्या मुलाची परवानगी घेऊन ऐकवला. उदाहरण आठवडी बाजार उठल्यानंतरच्या मैदानाचं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. पण ग्रुप उघडून दाखवायला मात्र ती तयार झाली नाही. म्हणाली, "मॅडम, त्यात तुमचं एक नाव ठेवलेलं आहे." काय, ते मी दोनदा विचारलं. तिने सांगितलं नाही.